सोलापूर, सोनापूर

सोलापूर आणि सोनापूर,
एका अक्षराचा फरक
आणि दीड तासाचा.
हे सोनापूर दुबईच्या कडेला, वाळवंटाला पाठ टेकून.
खोलीत आठ माणसं, आठ बादल्या.
सोनं अजून कुणी बघितलं नाही.
ज्यानं नाव ठेवलं
तो केव्हाच घरी गेला असेल.

भोगीच्या रात्री, जेवणं झाल्यावर,
मी गोष्ट सांगितली.

कुंभाराची एक पोर
रोज पहाटे योग्याच्या अंगणात यायची,
झाडायची, सडा टाकायची, रांगोळी काढायची.
योग्याचे डोळे मिटलेले.
एक दिवस म्हणाली, लग्न करीन तर तुमच्याशीच.
तो म्हणाला, माझं झालंय, लिंगाशी.
ती जागची हलली नाही.
माती मनासारखी होईस्तोवर
चाकापासून उठायचं नसतं,
एवढं तिला घरात शिकवलं होतं.
शेवटी त्यानं हातातला योगदंड पुढं केला :
याच्याशी कर.
तिनं केलं.
लाकडाला हळद लावली, तेल लावलं.
अजून दर संक्रांतीला आम्ही ते लग्न लावतो,
तळ्याकाठी, लाखभर वऱ्हाडी,
आणि नवरा म्हणून सजवलेली उंच काठी.
माझा आजा बाराबंदी घालून, कमरेशी बूड टेकवून
ती काठी तोलायचा.

यादगिरी म्हणाला, आमच्या भद्राचलमला या,
मोत्यांच्या अक्षता असतात
आणि नवरा स्वतः हजर असतो.
वरच्या बंकवरून स्वातचा गुलजमान,
झोपलाय असं वाटत होतं, तो म्हणाला,
मग काठी काय बोलली?

दिवा कुणी तरी घालवला.

सकाळी अडतिसाव्या मजल्यावर मी परांचीवर,
हातात सहा मीटरचा पाइप,
दुसऱ्या टोकाला गुलजमान.
खिशात मेसमधले मूठभर तांदूळ,
हळदीनं पिवळे केलेले.
वरून काहीही खाली पडलं, अगदी नटसुद्धा,
तर दोनशे दिरहम दंड.

फोन थरथरला. महानंदा.
पदर, धूळ, कुणाची तरी टोपी, मग आभाळ.
दिसायलंय का ओ?
दिसायलंय, म्हटलं. दिसत नव्हतं.
तिनं फोन उंच धरला
तेव्हा गर्दीवरून डुलत आली काठी,
बाशिंग बांधलेली,
आणि तळ्यावरून उठला एकच आवाज :
सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्.
एवढ्यात चित्र गोठलं,
अक्षता हवेतच राहिल्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली आमच्या.
सुट्ट्या मोजल्या तर दोनशे दहा दिवस.
ती टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर.
मीही तिला एक दंडच दिला होता,
चार्जरसकट.
रोज रात्री ती उशीला टेकवून त्याला उभं करते,
आणि तो काय बोलतो?
जेवलीस का. पैसे आले का. उद्या लवकर ड्युटी आहे.

मी हातमोजा काढला.
पाइपाचं वरचं तोंड उघडं होतं.
मूठ त्यात सैल केली.
तांदूळ आत घरंगळत गेले
खडखडत, किणकिणत,
आजा चालायचा तेव्हा काठीवरच्या घुंगरांचा व्हायचा
तसा काहीसा आवाज, पण आतून.
खाली एक दाणा पडला नाही.
गुलजमाननं कान लावला पाइपाला
आणि माझ्याकडं बघून मान हलवली,
जणू त्याला उत्तर मिळालं होतं.
मला त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी होम.
त्या पोरीला पेंढीची करून, साडी नेसवून
आगीत देतात.
रात्री महानंदाला विचारलं, गेली होतीस?
हो, म्हणाली. साडी हिरवी होती.
मग बराच वेळ मशिनचाच आवाज.
मग म्हणाली, पेटायच्या आधी वाऱ्यानं पदर उडाला तिचा,
कुणी सारखा केला नाही.

मी काय बोलावं ते जुळवत होतो.
ती म्हणाली, ठेवते.
चार दिवसांनी नळाला पाणी आलंय.